माता रमाई : सावलीतले जीवन

आपल्या विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीच्या उजव्या हाताला परमपूज्य बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे आणि त्याच्या खाली, थोडा लहान, माता रमाईचा. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण त्या लहान फोटोला हार घालतो, मेणबत्ती लावतो, खीर वाटतो आणि घरी जातो. मागे एकदा रविवारच्या बालवर्गात एका लहान पोरीने आम्हाला विचारले की रमाई बाबासाहेबांची बायको होती हे तर ठीक, पण ती स्वतः कोण होती? आम्ही दोन-चार वाक्ये बोललो. त्याग केला, गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिली. पुढे काही सुचेना. इतकी वर्षे भाषणे ऐकली, भाषणे दिली, पण त्या माऊलीचे आयुष्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येऊ नये, याची आम्हाला मनातून लाज वाटली. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा आम्ही दुसरा विषय घेतला नाही.

आईला आपण अगंतुगंच करतो. म्हणून पुढे रमाईला 'ती' म्हटले आहे. वाचकांनी यात आदर कमी आहे असे समजू नये.

वणंदची रमी

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. गाव वणंद, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. वडिलांचे नाव भिकू धुत्रे, आईचे रुक्मिणी. कोकणातली ही माणसे, आपल्यासारखीच गावकुसाबाहेरची. जवळच दाभोळ बंदर. भिकूबाबा त्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. खांद्यावर, डोक्यावर ओझे घेऊन बाजारापर्यंत न्यायचे आणि त्या मजुरीवर घर चालवायचे. आपल्याकडे जसे कुणी लाकडाची मोळी वाहून, कुणी बांबू तोडून पोट भरतो, तसेच ते. ओझे तेवढे वेगळे.

रमी लहान असतानाच आई गेली. थोड्याच काळात ओझी वाहून खंगलेले वडीलही गेले. मागे उरली लहान लहान भावंडे, त्यात भाऊ शंकर. अनाथ लेकरांना काका आणि मामा मुंबईला घेऊन आले आणि भायखळ्याच्या बाजाराजवळच्या चाळीत ती वाढू लागली. ज्या वयात मुली आईच्या पदराआड लपतात, त्या वयात रमीला लहान भावंडांची माय व्हावे लागले. पुढे जन्मभर तिने जे केले, त्याची शिकवण तिला तेथेच मिळाली असे आम्हाला वाटते.

बाजारात लागलेले लग्न

सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा मुंबईत राहत होते. आपल्या हुशार मुलासाठी ते मुलगी पाहत होते. भायखळ्याच्या या पोरक्या पोरीला त्यांनी पसंत केले. १९०६ च्या सुमारास लग्न झाले. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा शाळेत शिकणारा पोरगा. तेव्हाची रीत तशीच होती. पुढे याच भीमरावांनी बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला हे आपण जाणतोच.

लग्न लागले ते भायखळ्याच्या मासळी बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री मांडव नाही, बँड नाही, अशा उघड्या शेडमध्ये वऱ्हाड जमले. मासळी विकायचे ओटे हेच बसायचे बाक झाले. खालून गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी कोळणी टोपल्या घेऊन यायच्या आत जागा मोकळी करावी लागली. ज्यांचे नाव पुढे जगात गाजले, त्यांच्या संसाराची सुरुवात अशी झाली. आज आपल्या पोरापोरींच्या लग्नात मंगल कार्यालय, डीजे आणि जेवणावळीपायी कर्ज काढणाऱ्या मायबापांनी ही गोष्ट एकदा मनात आणावी.

पहिला विरह

१९१२ मध्ये सकपाळ कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहायला आले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गिरणी कामगारांची वस्ती, सामाईक नळ, सामाईक संडास. १२ डिसेंबर १९१२ ला यशवंताचा जन्म झाला. दीड-दोन महिन्यांतच, २ फेब्रुवारी १९१३ ला, रामजीबाबांनी जगाचा निरोप घेतला. घराचा कर्ता गेला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

आपण ही घटना नेहमी त्यांच्या बाजूने वाचतो. केवढे मोठे विद्यापीठ, केवढे मोठे प्राध्यापक, दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास! आता एकदा चाळीच्या बाजूने वाचा. पंधरा वर्षांची बाई, कडेवर सात महिन्यांचे लेकरू, सासऱ्याचे छत्र गेलेले, नवरा सात समुद्रांपलीकडे. पत्र यायला आठवडे लागायचे. परत केव्हा येणार याचा नेम नाही. मध्येच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. समुद्रात बोटी बुडू लागल्या. चार वर्षे असे काढून भीमराव १९१७ च्या ऑगस्टमध्ये परत आले. ज्या बोटीत त्यांचे सामान होते ती बोट बुडाली होती. अशा बातम्या चाळीत कशा पोहोचत असतील आणि ऐकून त्या बाईच्या काळजाचे काय होत असेल, याचा विचार आपल्या किती जणांनी केला आहे?

परत आल्यावर बडोद्यात नोकरी लागली. पण तेथे जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, अपमान झाला आणि ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कुणालाही वाटेल की आता रमाईचे दिवस फिरले. पण बाबासाहेबांना अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. पगारातला पैसा विलायतेसाठी बाजूला पडू लागला. घरखर्चाला मोजकी रक्कम मिळायची आणि त्यात रमाईने भागवायचे. प्राध्यापकाची बायको झाली तरी तिचा संसार मजुराच्या बायकोचाच राहिला. पण विलायतेला जायच्या आड ती आली नाही.

शेणाच्या पाट्या

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या जोरावर. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसत होते. इकडे परळमध्ये रमाईही अर्धपोटीच होती. घरात विधवा जाऊ लक्ष्मीबाई, तिचा मुलगा मुकुंद, स्वतःचा यशवंत. इतक्या तोंडांत घास घालायचा होता.

याच काळातली शेणाची गोष्ट आपल्या गाण्यांतून, कीर्तनांतून, जलशांतून घराघरात गेली आहे. बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाची बायको डोक्यावर शेण वाहते म्हणून लोक हसतील, या भीतीने ती उजाडायच्या आत जायची असे सांगतात. काहींना वाटते की ही गोष्ट शाहिरांनी वाढवून सांगितली असेल. तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे की या गोष्टीला खुद्द बाबासाहेबांची साक्ष आहे. ३ फेब्रुवारी १९२८ च्या 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी समाजाला उद्देशून लिहिताना आपल्या पत्नीचा उल्लेख केला. आपण परदेशात असताना घराची सगळी काळजी तिने वाहिली, आपण परत आल्यानंतरही गरिबीत तिने स्वतःच्या डोक्यावर शेणाचे भारे वाहायला कमीपणा मानला नाही, आणि अशा प्रेमळ बाईसाठी आपल्याला दिवसातला अर्धा तासही काढता आला नाही, असे त्या लेखाचे म्हणणे आहे.

हे वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. एवढा मोठा माणूस, ज्याला साऱ्या समाजाचा हिशोब मांडायचा होता, तो छापील कागदावर आपल्याच घरातले कर्ज कबूल करतो. आणि तेही ती जिवंत असताना. आपल्यापैकी किती पुरुषांनी आपल्या बायकोचे असे ऋण चारचौघांत मान्य केले आहे?

आणखी एक आठवण लोक सांगतात. बाबासाहेब विलायतेहून येणार होते तेव्हा रमाईजवळ नेसायला धड लुगडे नव्हते. तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला भरजरी फेटाच लुगड्यासारखा नेसून ती बंदरावर गेली. गर्दीत मागे उभी राहिली. मोठमोठे लोक पुढे होऊन भेटत होते आणि ती लांबूनच पाहत होती. गोष्ट लोकांच्या तोंडी आहे, तशीच आम्ही सांगतो. पण गर्दीत मागे उभी राहिलेली ती बाई आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. आपल्या घरातही ती आहे.

चार लेकरे

रमाईच्या पोटी पाच लेकरे जन्मली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातला एकटा यशवंत जगला. बाकीची चारही लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. बाबासाहेबांचा या लेकरावर फार जीव. त्यानंतर महिनाभराने दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार लेकरे आपल्या हातांनी पुरल्याचे दुःख सांगितले. आयुष्यातली सारी गोडी गेली, असा त्या पत्राचा सूर आहे.

बाबासाहेबांना निदान पत्र लिहायला मित्र होता. सभा होत्या, पुस्तके होती, लढा होता. दुःख विसरायला काम होते. रमाईने हे दुःख कुठे ठेवले असेल? तिच्याकडे दोन खोल्या होत्या, चूल होती. ती उपासतापास करू लागली. शनिवारचा उपवास फार कडक करायची. प्रकृती आधीच नाजूक, त्यात बाळंतपणे, त्यात शोक. शरीर झिजत गेले. आपल्या गावखेड्यातल्या ज्या बायांनी एकामागून एक लेकरे गमावली, त्यांना हे सांगायची गरज नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या आडवळणाच्या गावांत दवाखाना दूर आणि नाला पुराने भरलेला, अशा वेळी लेकरू हातचे जाते म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या मायांना ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी असे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला उभे राहून पाठिंबा दिला. मुंबई प्रांतात तो कायदा १९२९ मध्ये झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते केंद्रात मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा आणली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो. त्या कायद्यामागे रमाईच्या दुःखाचा वाटा किती, ते मोजता येणार नाही. पण मायेच्या शरीरावर बाळंतपणाचा किती भार पडतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी आपल्या घरात पाहिले होते.

चळवळीच्या मागचे घर

१९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन, १९३० मध्ये नाशिकचा काळाराम सत्याग्रह. हा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. या सगळ्या काळात परळच्या चाळीत माणसांची रीघ लागलेली असायची. कुणी खेड्यातून अन्यायाची तक्रार घेऊन आला, कुणी नोकरीसाठी, कुणी फक्त दर्शनाला. एक खोली पुस्तकांनी भरलेली. आलेल्या माणसाला पाणी, चहा, असेल ती भाकर कोण देत होते? बाबासाहेब वाचायला बसले की जेवणाची शुद्ध नसायची. ताट झाकून ठेवून कोण वाट पाहत होते? सत्याग्रहात लाठ्या पडायच्या, दगड पडायचे. बाबासाहेबांच्या जिवाला धोका असायचा. तेव्हा दाराकडे डोळे लावून कोण बसत होते?

पण रमाई केवळ चुलीपाशी होती असेही नाही. जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या समाजातल्या बायांचे मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद तिच्याकडे देण्यात आले होते. शाळा न पाहिलेली, वणंदहून पोरकी होऊन आलेली रमी एका मंडळाची अध्यक्ष होते, ही गोष्ट आपण भाषणात फारशी सांगत नाही. आपल्याला गोवऱ्या आठवतात, अध्यक्षपद आठवत नाही.

धारवाडची हकीगतही अशीच आहे. तेथे बळवंतराव वराळे आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवत. रमाई हवापालटासाठी त्यांच्याकडे गेली होती. वसतिगृहाचे सरकारी अनुदान वेळेवर आले नव्हते आणि लेकरांच्या जेवणाची पंचाईत झाली होती. अंगणात रोज खेळणारी पोरे दिसेनात म्हणून तिने चौकशी केली. कारण कळले तसे तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि जवळचे दागिने काढून दिले आणि धान्य आणायला सांगितले. कुणाला विचारले नाही, साहेबांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. चार लेकरे मातीत ठेवलेल्या बाईने परक्यांच्या उपाशी लेकरांना आपले मानले. आपण तिला आपली आई म्हणतो ते उगाच नाही.

पंढरपूर

रमाई भाविक होती. तिला एकदा पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यायचे होते. तेव्हा अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हता. दूरून, चोखोबाच्या पायरीपाशी उभे राहून हात जोडायचे, एवढेच. बाबासाहेबांनी नकार दिला. जेथे भक्ताला माणूस म्हणून आत घेत नाहीत त्या पंढरपुराचे काय काम, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे त्यांचे सांगणे होते.

ही गोष्ट आपण नेहमी बाबासाहेबांच्या स्वाभिमानासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण रमाईची ती इच्छा अपुरी राहिली, हेही खरे. तिला नवे पंढरपूर पाहायला मिळाले नाही. देव सोडायचा कसा, हे तिला कुणी नीट समजावायला वेळ काढला नाही, तिला तर नवा मार्गही अजून दाखवला गेला नव्हता. म्हणून तिच्या उपासतापासाला आज कुणी अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडू नये. ती काळाच्या अलीकडच्या काठावर राहून गेली. आपण पलीकडे आलो ते तिच्या खांद्यावर पाय ठेवून.

राजगृह आणि अखेर

१९३० ते १९३४ या काळात बाबासाहेबांना गोलमेज परिषदा आणि त्यानंतरच्या कामासाठी पुन्हा पुन्हा विलायतेला जावे लागले. मध्ये १९३२ चा पुणे करार. साऱ्या देशाचा रोष त्यांच्यावर. त्या दिवसांत घरात रमाईची प्रकृती खालावतच होती. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले आणि १९३४ मध्ये चाळ सोडून कुटुंब तेथे आले. बाबासाहेबांनी ते घर मुख्यतः आपल्या हजारो ग्रंथांसाठी बांधले होते. बावीस वर्षे दोन खोल्यांत काढलेल्या रमाईला मोठे घर मिळाले. पण ते भोगायला शरीर उरले नव्हते. बहुतेक दिवस अंथरुणावरच गेले. औषधोपचार झाले, उपयोग झाला नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिची प्राणज्योत मालवली. वय अवघे ३७ वर्षे.

अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. बाबासाहेब मान खाली घालून चालत होते. परतल्यावर त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि लहान मुलासारखे रडले. डोक्याचे मुंडन केले. काही दिवस ते संन्याशासारखे राहिले. सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्याच जूनमध्ये त्यांच्यावर आली आणि पुन्हा कामाला जुंपून घ्यावे लागले. पाचच महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

डिसेंबर १९४० मध्ये त्यांचा पाकिस्तानवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. तिचे चांगले मन, तिची शुद्ध वागणूक आणि कुणी मित्र नव्हते अशा हलाखीच्या दिवसांत तिने न कुरकुरता सोसलेली सोबत, याची ती कृतज्ञता होती. राजकारणावरचा एवढा कोरडा, आकडेवारीने भरलेला ग्रंथ आणि पहिल्याच पानावर वणंदच्या रमीचे नाव! पुढे १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. माईसाहेबांनी त्यांच्या उतारवयात त्यांची शुश्रूषा केली. एकीचा मान ठेवण्यासाठी दुसरीला कमी लेखायचे कारण नाही. दोघींचे दोन काळ, दोन वाटे.

ती नव्हती, पण

रमाई गेल्यावर सात वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. समाज किती पुढे गेला हे त्यातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून मी मोजतो, असा बाबासाहेबांच्या तिथल्या भाषणाचा आशय होता. त्यानंतर हिंदू कोड बिलासाठी त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले. बायांना मालमत्तेत वाटा, नांदवत नसेल त्याच्यापासून सुटका, हे त्या बिलात होते.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, आणि १६ ऑक्टोबरला आपले चांदा. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने चांद्याला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. भारतात बाबासाहेबांनी स्वतः जेथे दीक्षा दिली अशी ही दुसरी भूमी, आपल्या जिल्ह्याचे हे भाग्य. आमची आजी सांगायची की बाया पांढरी लुगडी नेसून, भाकरी बांधून, कुणी बंडीने तर कुणी पायी निघाल्या होत्या. ज्या नव्या पंढरपुराचे वचन रमाईला मिळाले होते, ते उभे झाले. त्या गर्दीत ती नव्हती. पण डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक बाईत ती होती, असे आम्ही म्हणतो. हे म्हणणे भावनेचे असले तरी खोटे नाही.

आता आपला हिशोब

आपल्या विहाराच्या कपाटात यशवंत मनोहर यांची 'रमाई' ही कादंबरी आहे. आणखीही लेखकांनी तिच्यावर लिहिले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले आणि चळवळीतल्या कितीतरी बायांच्या आठवणी वाचवल्या. रमाईने आत्मचरित्र लिहिले नाही. म्हणून तिच्या मनात काय होते हे कळायला कादंबरीकाराला कल्पनेचा आधार घ्यावा लागतो. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडामागून खंड प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्यासोबत २९ वर्षे संसार केलेल्या बाईचा शब्द मात्र आपल्याला इतरांच्या आठवणींतून शोधावा लागतो. यालाच सावलीतले जीवन म्हणायचे.

एक कबुली देतो. आमच्या मायने पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवणा केला, उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडला, रात्री कंदिलाच्या उजेडात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले. त्या पैशावर आम्ही शिकलो, नोकरीला लागलो. आमच्या घरात आमच्या पदवीचा फोटो फ्रेम करून लावला आहे. मायचा एकही धड फोटो नाही. ती गेली तेव्हा मतदार यादीसाठी काढलेला ओळखपत्राचा फोटो मोठा करावा लागला. ती काय विचार करायची, तिला काय आवडायचे, हे आम्ही कधी विचारले नाही. तिने त्याग केला एवढेच आम्ही तिच्या पुण्यानुमोदनाला बोललो. त्या दिवशी आम्हाला कळले की त्याग हा शब्द बोलायला फार सोपा आहे. बाईने सोसले की पुरुष त्याला त्याग म्हणतो आणि मोकळा होतो.

बाबासाहेब मोकळे झाले नाहीत. त्यांनी लिहून कबूल केले, ग्रंथ अर्पण केला आणि बायांसाठी कायदे करायला आयुष्य खर्ची घातले. आपण काय करतो? रमाईच्या नावाने घरकुल योजना आहे. आपल्या वस्तीत कितीतरी घरे त्यात झाली. त्या घराच्या कागदावर घरच्या बाईचे नाव आहे काय, हे प्रत्येकाने आज घरी जाऊन पाहावे. जयंतीला खीर शिजवायला, विहार झाडायला, वर्षावासात ग्रंथवाचनाला बसायला बाया असतात. कमिटीच्या यादीत त्यांची नावे किती? २७ मे हा रमाईचा स्मृतिदिन. तेव्हा आपल्या भागात उन्हाळ्याची तेंदूपत्त्याची घाई नुकतीच उरकत असते आणि बाया थकून घरी आलेल्या असतात. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकाला न लावता पुरुषांनी रांधावे आणि त्यांना पुढे बसवून बोलते करावे, एवढे तरी करता येईल.

आमची या स्मरणिकेच्या निमित्ताने एकच विनंती आहे. वस्तीत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या ज्या मायमाऊल्या आहेत, त्यांच्याजवळ शाळा-कॉलेजातल्या पोरीपोरांनी वही घेऊन बसावे. त्यांचे माहेर, त्यांचे लग्न, त्यांनी पाहिलेली दीक्षाभूमी, त्यांची गेलेली लेकरे, सगळे लिहून घ्यावे. मोबाइलमध्ये आवाज भरून घेतला तरी चालेल. पुढच्या स्मरणिकेत ते छापू. नाहीतर शंभर वर्षांनी एखादी पोर पुन्हा विचारेल की ती स्वतः कोण होती, आणि आपल्या नातवंडांनाही उत्तर देता येणार नाही.

बालवर्गातल्या त्या पोरीला आम्ही हे सारे वाचून दाखवणार आहोत. रमाई ही वणंदच्या भिकूबाबांची लेक होती, परक्या लेकरांसाठी बांगड्या काढून देणारी माय होती, बायांच्या मंडळाची अध्यक्ष होती, चार लेकरे गमावूनही घर न मोडू देणारी बाई होती. आणि होय, बाबासाहेबांची रामूही होती.

माता रमाईच्या स्मृतीस त्रिवार वंदन.

जयभीम! नमो बुद्धाय!